जसं फळ्यावर, तस्सं वहीत

उस्मानपुऱ्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत संध्या मॅडम अठ्ठावीस वर्षांपासून शिकवतात. शिकवतात इंग्रजी, पण त्यांचा जीव कर्सिव्हमध्ये, म्हणजे एकमेकांचा हात धरून चालणाऱ्या त्या वळणदार अक्षरांत. आज शाळेच्या फाटकाशी स्कूटी लावून ज्या आया उभ्या असतात, त्यांतल्या कितीतरी जणींना 'एफ'चं पोट आणि 'वाय'ची शेपटी काढायला त्यांनीच शिकवलेलं आहे. त्या आया आता मोबाइलशी बोलून निरोप धाडतात आणि सहीपुरतं पेन हातात धरतात, तो भाग वेगळा.

त्यांच्या वर्गाचे नियम दोनच. शब्द संपेपर्यंत पेन उचलायचं नाही, हा पहिला. जसं फळ्यावर, तस्सं वहीत, हा दुसरा. 'तस्सं'वरचा जोर मॅडमचा स्वतःचा, आणि पोरं तो जोरासकट म्हणतात. या दुसऱ्या नियमानं पुढं जे करून ठेवलं, ते मॅडमच्या स्वप्नातही नव्हतं.

सुरुवात शहराच्या नावापासून झाली. मॅडम रोज सकाळी फळ्यावर आधी तारीख आणि तिच्याखाली शहराचं नाव कर्सिव्हमध्ये लिहितात. नाव बदललं तेव्हा गावात जी काय चर्चा व्हायची ती झाली. मॅडमची अडचण साधी होती: नवं नाव इंग्रजीत लिहायला घेतलं की चोवीस अक्षरं. तरी जुन्या काळ्या फळ्यावर ते झोकात बसायचं, कारण त्या फळ्यावर चार रेघा होत्या, दोन तांबड्या आणि दोन पिवळ्या. दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, मॅडम स्वतः दोरी मारून त्या रंगवत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत फळे बदलले. पांढरे, गुळगुळीत, मार्करचे आले. मुख्याध्यापिका मंजुषा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नव्या फळ्यांवर रेघा मारायच्या नाहीत हं कुणी. डाग पडला की जात नाही."

पहिल्याच आठवड्यात मंजुषा मॅडम चौथी 'ब'च्या दारातून जाता जाता थांबल्या आणि फळ्याकडं बघून हसल्या. शहराचं नाव वितीएवढ्या अक्षरांनी सुरू झालं होतं आणि शेवटाला मुंग्यांची रांग झाली होती. "संध्या मॅडम, नाव लांब झालं, फळा मात्र तेवढाच राहिला!"

संध्या मॅडमही हसल्या. शिक्षकांच्या खोलीत तो विनोद त्यांनीच पुन्हा सांगितला, आणि पंधरा दिवस त्याच विनोदाच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या. पण चोराच्या मनात चांदणं. नाव संपलं त्याच्या पुढं दोन हात कोरा फळा पडून होता, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जागा संपलीच नव्हती. हातच आखडत चालला होता. तो दुखत नव्हता, थरथरतही नव्हता. नुसता आपल्या मनानं लहान लहान होत जायचा, आणि मॅडमनी कितीही दटावलं तरी ऐकायचा नाही.

असं आखडत गेलेलं अक्षर त्यांनी याआधी एकदा पाहिलं होतं.

*

संध्याचे वडील छावणीच्या बाजारात पेंटर होते. कडुबा पेंटर म्हटलं की रिक्षावालाही बरोबर त्यांच्या टपरीपुढं सोडायचा. शाळा चौथीपर्यंत, पण अर्ध्या छावणीच्या दुकानांवरचं अक्षर त्यांचं. पत्र्यावर आधी पांढरा हात मारायचे. तो वाळला की सुतळीला नीळ चोळायची, दोन माणसांनी दोन टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत पकडून सोडायची. टण्ण! पत्र्यावर सरळ निळी रेघ. तिला ते दोरी मारणं म्हणायचे. दुसरं टोक धरायला कायम संध्या असायची. "रेघ धरून चालावं बाई," ते म्हणायचे, "मंग अक्षर असू दे न्हाई तर मानूस." संध्याचं अक्षर घडलं ते या सुतळीच्या टोकाला.

घर पंचशील पाळणारं. पौर्णिमेला विहारात जाणारं, सुपारीसुद्धा न खाणारं. दारूचा थेंब त्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता.

संध्या नागसेनवनातल्या कॉलेजात होती त्या वर्षी कडुबांनी शेवटची पाटी रंगवली. उस्मानपुऱ्यात बी-बियाणांचं एक नवं दुकान निघत होतं. मालक आप्पासाहेब, चितेगावकडचे जमीनवाले, तेव्हा तिशी-पस्तिशीतले. नाव भिंतीवरच रंगवायचं होतं. भिंत खरबरीत, तिच्यावर नीळ उमटेना, म्हणून कडुबा दोरी न मारताच शिडीवर चढले. दुपारी खाली उतरून बघतात तो पहिलं अक्षर हातभर आणि शेवटचं बोटभर, आणि सगळी ओळ उजवीकडं उतरत गेलेली. आप्पासाहेब भर रस्त्यावर म्हणाले, "का रं कडुबा, सकाळी सकाळीच घिऊन आलास व्हय?"

माणसं हसली. बाजाराला असलं वाक्य पुरतं. आठवड्याभरात छावणीत झालं की कडुबा प्यायला लागला, आणि एकेक काम गळत गेलं. पुढं ते पाय ओढत चालू लागले तेव्हा लोकांना अजूनच पटलं. कडुबा कुणाशी भांडले नाहीत. घरी मात्र रोज दिवेलागणीला एक गोष्ट व्हायची. ते आत आले की संध्याची आई मालनबाई पुढं व्हायची आणि म्हणायची, "तोंड उघडा." ते मुकाट्यानं तोंड उघडायचे. ती वास घ्यायची आणि काही न बोलता चुलीकडं वळायची.

संध्यानं हे रोज बघितलं आणि एकदाही आईला अडवलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीनं विचारलं, "तुझे वडील पितात का गं?" तेव्हा विषय संपावा म्हणून ती म्हणाली, "हो, थोडी." ते दोन शब्द तिला आजही आठवतात आणि मान वर करवत नाही. कडुबा पाच वर्षांनी गेले. कशानं गेले याला नाव कुणी दिलं नाही.

नाव तिला पुष्कळ वर्षांनी एका रविवारच्या पुरवणीत सापडलं. कंपवात. हात थरथरायला लागण्याच्या आधीसुद्धा अक्षर बारीक बारीक होत जातं, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्याखाली ठळक ओळ होती: हा आजार आई-वडिलांकडून मुलांकडे येतो का? संध्यानं तिथंच पुरवणी मिटली. उत्तर तिनं आजतागायत वाचलेलं नाही.

आणि नशीब असं की ज्या संस्थेच्या शाळेत तिला नोकरी लागली, तिचे अध्यक्ष तेच आप्पासाहेब निघाले. मॅडमचं आडनाव सासरचं, त्यामुळं ती कोणाची मुलगी हे त्यांना कधी कळायचं कारण नव्हतं. पण पंधरा ऑगस्टला ते समोर आले की अठ्ठावीस वर्षांत एकदाही संध्या मॅडमची छाती धडधडल्याशिवाय राहिली नाही.

*

तर आता तोच हात. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि मॅडमचं मन रिकामं कधीच नसायचं. घरी नवरा राजकुमार चितेगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला की त्या जेवणाच्या टेबलावर बसून हाताची परीक्षा घ्यायच्या. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं शहराचं नाव लिहिलं: मुंग्या. मग तिसरीतल्या एका पोराची चार रेघांची वही उघडून त्यात लिहिलं, आणि काय आश्चर्य, चोवीसच्या चोवीस अक्षरं ताठ उभी! पुन्हा कोऱ्या कागदावर: मुंग्या. पुन्हा चार रेघांत: झकास. मॅडमनी हे अकरा वेळा केलं.

एखादी डॉक्टरकडं गेली असती. मॅडमनी निष्कर्ष काढला की हात ठीक आहे, दोष फळ्याचा आहे. भ्यालेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत. डॉक्टर काय म्हणेल हे माहीत नव्हतं, म्हणून अजून काही झालेलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर लिहिणं कमी केलं. जिथं लिहावंच लागे तिथं दोन-दोन शब्द लिहून थांबायच्या. सहीला वेळ लागायला लागला तेव्हा मस्टरवर सगळ्यांच्या आधी येऊन सही करायला लागल्या. कुणी पाठीमागं उभं राहिलं की त्यांच्या पाचावर धारण बसायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी चौथी 'ब'च्या एक्केचाळीस वह्या तपासायला त्यांच्यापुढं आल्या. चौथीला एकरेघी वही असते. तिसरीपर्यंत चार रेघांचा आधार, पुढं पोरांनी आपल्या पायावर चालावं, ही पद्धतही मॅडमनीच घातलेली. त्यांनी पहिली वही उघडली. ऋतुराजची. प्रत्येक ओळ मोठ्या अक्षरांनी सुरू होऊन उजव्या समासाशी मुंगीएवढी झाली होती. हा पोरगा घाईचाच, असं म्हणून त्यांनी दुसरी उघडली. तीही तशीच. तिसरी, चौथी, पाचवी तशीच. दहाव्या वहीला त्यांच्या बोटांना घाम आला आणि शाई फिसकटली. एक्केचाळीस पोरांची एक्केचाळीस वळणं, आणि त्या प्रत्येकात त्यांचा आजार नीट, सुवाच्य, मन लावून गिरवलेला.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या श्रेयाला बोलावलं. श्रेया म्हणजे वर्गातलं सगळ्यात देखणं अक्षर. "बाळा, शेवटी असं बारीक का काढलंस?"

श्रेयाला प्रश्नच कळला नाही. तिनं फळ्याकडं बोट केलं. "तुम्ही काढलंय ना मॅडम, तस्सं."

आणि मागच्या बाकांवरून दोघं-तिघं, जोरासकट, म्हणाले, "जसं फळ्यावर, तस्सं वहीत!"

मॅडम खुर्चीत बसल्या. पोरांना चित्रं काढायला सांगितली आणि घंटा होईपर्यंत उठल्या नाहीत.

*

सोमवारी मंजुषा मॅडमनी बोलावलं. वह्या आयांनीही बघितल्या होत्या. दोन पोरांचे डोळे तपासून झाले होते, एकीच्या चष्म्याचं विनाकारण माप घेऊन झालं होतं, आणि पालकांच्या ग्रुपवर शनिवार-रविवार तोच विषय. "तुमच्यावर काही नाही हं मॅडम," मंजुषा मॅडम म्हणाल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या, फक्त घाईत असायच्या. "लिपीच जुनी झालीय. पोरांचे हात दमतात, अक्षर गळतं. परीक्षेत सुटी अक्षरं चालतात, पुढं सगळं टायपिंगच आहे. कर्सिव्ह बंद करू. शुक्रवारी आप्पासाहेब येतायत, तीन पालक असतील. तुम्ही फक्त 'हो' म्हणा, विषय संपला."

संध्या मॅडम बाहेर आल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. जे ऐकलं ते नीट उमगायला वेळ लागला. अठ्ठावीस वर्षं त्या ज्याला-त्याला सांगत आल्या होत्या की जोडून लिहिण्यानं पोराचा विचार तुटत नाही, 'बी' आणि 'डी'ची गल्लत होत नाही, हाताला एकदा वळण लागलं की ते जन्मभर सोबत करतं. आता कर्सिव्ह बंद झालं की मॅडमना फळ्यावर तसं लिहायचंच काम उरणार नव्हतं. पोरांची अक्षरं बिघडली ती लिपीमुळं, असं दप्तरी नोंदलं जाणार होतं. हात सुटला. कुणी विचारणार नाही, कुणी बघणार नाही, कुणी म्हणणार नाही की मॅडम काही घेतात का. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त एकदा 'हो' म्हणायचं.

चार दिवस त्यांनी ते 'हो' मनातल्या मनात म्हणून पाहिलं. सगळ्यात मोठी भीती त्यांना यातच वाटली की ते किती सहज निघतंय. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका मैत्रिणीलाही त्या असंच सहज 'हो' म्हणाल्या होत्या. कधी वाटे, इतकी वर्षं आपण भांडलो ते तरी पोरांसाठीच का? की चार रेघा आपल्याला सावरत होत्या म्हणून? गुरुवारी शाळेतून येताना त्यांनी किराणा दुकानातून निळीची पुडी आणि सुतळीचा गुंडा घेतला. घेतला म्हणजे वापरू असं काही ठरवलेलं नव्हतं.

*

शुक्रवारी चौथी 'ब' मैदानावर गेली आणि वर्गात पाच माणसं लहानग्या बाकांवर अवघडून बसली. आप्पासाहेब आता सत्तरीला आलेले, हातात काठी, पायात करकरीत चपला. तीन आया. त्यांतली श्रेयाची आई दीपमाला, मॅडमचीच जुनी विद्यार्थिनी. मंजुषा मॅडमनी वह्या मांडल्या, मुद्दे वाचले. "आमच्या नातवंडांचं बी तेच," आप्पासाहेब म्हणाले. "पेन दिसलं की पळतेत. कशाला जुलूम? काय मॅडम, तुमाला काय वाटतं?"

संध्या मॅडमचा उजवा हात पर्सवर होता. त्यांनी 'हो' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण समोर श्रेयाची वही उघडी पडलेली होती, आणि त्या मुंग्यांत पोरीनं घातलेले कष्ट त्यांना दिसत होते. किती निगुतीनं तिनं ते वाकडं सरळ काढलं होतं.

"दोष लिपीचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान निघाला की दीपमाला पुढं झुकली. "पोरांचाही नाही. पोरांनी माझं बघून काढलंय. माझा हात बिघडलाय."

याला आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मॅडम उठल्या, मार्कर घेतला आणि पांढऱ्या फळ्यावर शहराचं नाव लिहिलं. पाठीवर पाच जणांची नजर, आणि नेहमी अर्ध्या वाटेवर आखडणारा हात आज पाचव्या अक्षरालाच आखडला. शेवटचं अक्षर मागच्या बाकावरून दिसलंही नसतं. एक आई दुसरीच्या कानाशी लागली. तिनं काय विचारलं ते मॅडमना ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी पर्समधून सुतळी काढली, तिला नीळ चोळली, आणि दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून मागं पाहिलं. सगळ्यात जवळ आप्पासाहेब होते. मॅडमनी टोक पुढं केलं. म्हातारबुवा काठी बाजूला ठेवून उठले आणि त्यांनी ते मुकाट्यानं फळ्याशी दाबून धरलं. मॅडमनी सुतळी ताणली, चिमटीत पकडून सोडली. टण्ण. मंजुषा मॅडम "अहो, डाग..." म्हणाल्या. चार वेळा दोरी मारली. चार निळ्या रेघा उमटल्या. त्यांच्यात मॅडमनी तेच नाव पुन्हा लिहिलं, पेन न उचलता. पहिल्या अक्षरापासून चोविसाव्यापर्यंत सगळी सारखी, ताठ.

"रेघ असली की हात चालतो," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "नसली की आखडतो. आजार काय ते मला अजून माहीत नाही. पण पोरांचं शिकणं त्यापायी बंद करू नका. शिकवणारी बदला हवं तर."

आप्पासाहेब अजून सुतळीचं टोक धरूनच उभे होते. अंगठ्याला नीळ लागलेली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "ही दोरी मारायला कुठं शिकलात?"

"छावणीत. कडुबा पेंटरची मुलगी मी."

ते बराच वेळ फळ्यावरच्या वरच्या नावाकडं बघत राहिले, त्या उतरत, बारीक होत गेलेल्या ओळीकडं. "आमच्या दुकानाची भिंत..." ते म्हणाले.

"हो. तीच."

"मी त्यास्नी रस्त्यावर..."

"हो." मॅडमनी मार्करचं टोपण लावलं. ते नीट बसेना, दोन वेळा पडलं. "ते पीत नव्हते, आप्पासाहेब. आयुष्यात एक थेंब नाही."

आप्पासाहेबांनी माफी मागितली नाही. मागता आली असती की नाही कोण जाणे. अंगठा धोतराला पुसला, नीळ धोतराला लागली. दारापर्यंत जाऊन ते मंजुषा मॅडमना एवढंच म्हणाले, "या फळ्यावर पक्क्या रेघा मारून घ्या. डाग पडंल तर पडू द्या." कर्सिव्हचं काय, ते मार्चनंतर बघू असं ठरलं, म्हणजे आपल्याकडं जसं ठरतं तसं. मंजुषा मॅडमनी ओळखीच्या एका डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि शनिवारी सकाळची वेळ मागून घेतली. दीपमालानं जाता जाता मॅडमचा हात हातात घेतला आणि काही न सुचून सोडून दिला.

सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. संध्या मॅडमना हलकं वाटलं नाही. आजपर्यंत भीती लपवायची होती, तेवढं तरी काम होतं. आता तेही राहिलं नव्हतं. उद्या सकाळी अकराला एक अनोळखी माणूस त्या पुरवणीतल्या न वाचलेल्या ओळीचं उत्तर देणार होता.

*

घरी मालनबाई ओसरीत मेथी निवडत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कडुबा गेल्यापासून ती लेकीकडंच असते. संध्या चपला काढून तिच्यापुढं खालीच बसली आणि शाळेत झालं ते सगळं तिनं सांगितलं. हाताचंही सांगितलं. मालनबाईची बोटं थांबली नाहीत, फक्त जुडी संपायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"माय," संध्या म्हणाली, "आबा पीत नव्हते गं."

"मला सांगतीस व्हय? ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. कवाच वास आला नाय."

संध्याला एकदम राग आला. पस्तीस वर्षं साचलेला. "मग रोज त्यांना तोंड उघडायला का लावायचीस? रोज! माझ्यादेखत!"

मालनबाईनं मेथीची एक काडी मोडली, पानं परातीत टाकली, देठ बाजूला ठेवला.

"यावा म्हनून घेत व्हते."

"काय?"

"वास. येक दिस तरी यावा. दारू असती तर सोडवली असती मी. आन घातली असती, पाया पडले असते, भांडले असते. लोकायचे नवरे सुटतेतच की. पन रोज हुंगायचं अन् कायच न्हाई. मंग रातभर लई भ्या वाटायचं. दारू न्हाई तर हाय काय ह्ये?"

नाव लांब झालं, फळा तेवढाच राहिला, असं म्हणून आपण पंधरा दिवस हसत होतो ते संध्याला आठवलं. जेवणाच्या टेबलावर अकरा वेळा लिहून बघितलेलं आठवलं.

मालनबाईनं मेथीचे हात पदराला पुसले आणि लेकीचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. तो उलटा-सुलटा करून पाहिला. मग वाकून, सवयीनं, तिच्या तोंडाशी नाक नेलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिथंच थांबली.

"उंद्या किती वाजता जायाचंय?" तिनं विचारलं.

"अकराला."

"मी येते संगं. मंग भाजी आताच चिरून ठिवू."